वाचन-ॲपच्या पार्श्वप्रक्रियेची सुरक्षितता : प्रचलित कसोट्यांची चिकित्सा

संगणकावर ग्रंथ वाचण्यासाठी जी ॲप आज वापरात आहेत त्यांचे एक अंग वाचकाच्या डोळ्यांसमोर असते आणि दुसरे नसते. पान उलटते, अक्षर लहानमोठे होते, वाचन थांबले तेथे खूण राहते. हे पहिले अंग होय. वाचनाची खिडकी मिटल्यावरही ॲपचा काही भाग पुष्कळदा चालूच राहतो. नवी आवृत्ती निघाली आहे काय याची तो चौकशी करतो, ग्रंथाचा परवाना तपासतो, एका उपकरणावरील खुणा दुसऱ्या उपकरणाशी जुळवितो. या दुसऱ्या अंगास पार्श्वप्रक्रिया असे म्हणता येईल. एरवी तिची जाणीवही होत नाही. संगणक मंद चालू लागला म्हणजे वाचक टास्क मॅनेजर उघडतो, तेथे कधी न ऐकलेले एक नाव त्याच्या दृष्टीस पडते, आणि हे घरचे की घुसखोर, असा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला आज जे उत्तर सामान्यतः दिले जाते ते अपुरे आहे. प्रक्रिया अस्सल आहे काय, हा एक प्रश्न. आणि अस्सल असली तरी ती जे करते ते निर्दोष आहे काय, हा दुसरा. प्रचलित कसोट्या पहिल्याचे उत्तर शोधतात आणि तेच दुसऱ्याचेही उत्तर म्हणून वाचकाच्या हाती ठेवतात.

विषय केवळ तांत्रिक आहे असे मानून तो संगणकशास्त्राच्या विभागाकडे सोपवून देण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे. जुहू येथील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवारच उदाहरणादाखल घ्यावे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या या विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, संगणकशास्त्र अशा शाखांचे शिक्षण चालते. अशा कोणत्याही आवारात, तसेच आसपासच्या वस्तीतील घराघरांत, संगणक बहुधा समाईक असतो. ॲप एकाने बसविलेले असते, वाचणारा दुसराच असतो, आणि बसविताना ज्या अटींना होकार दिला गेला त्या या दुसऱ्याने पाहिलेल्याही नसतात. एखादी विद्यार्थिनी आपल्या आजाराविषयी, कायद्याविषयी किंवा घरात ज्याचा उच्चारही होत नाही अशा विषयावर पुस्तक उघडते, तेव्हा ती एकटी वाचीत आहे असे तिला वाटत असते. ते खरे आहे की नाही हे पार्श्वप्रक्रियेवर अवलंबून असते.

प्रचलित कसोट्या मुख्यतः तीन : नाव, स्थान आणि स्वाक्षरी. त्यांतील नावाची कसोटी सर्वांत दुबळी. ॲडोबीच्या पीडीएफ वाचकाबरोबर 'आर्मएसव्हीसी' या नावाची एक सेवा येते. नाव ऐकून काही शस्त्रास्त्रांचा भास व्हावा, पण तिचे काम नव्या आवृत्तीची चौकशी करणे एवढेच. कॅलिबर या ग्रंथव्यवस्थापनाच्या ॲपबरोबर 'कॅलिबर-पॅरलल' नावाच्या एकापेक्षा अधिक प्रक्रिया एकाच वेळी दिसू शकतात, आणि त्या पाहून घाबरण्याचेही कारण नाही. ग्रंथाचे एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करण्यासारखी वेळखाऊ कामे त्या वाटून घेतात. उलटपक्षी विंडोजच्या स्वतःच्या 'एसव्हीसीहोस्ट' या प्रक्रियेच्या नावातील एक-दोन अक्षरे उलटसुलट करून दुष्ट आज्ञावलीला ते नाव देण्याची युक्ती फार जुनी आहे. नाव कोणीही कोणासही देऊ शकतो. म्हणून नावावरून निर्दोषत्वही ठरत नाही आणि दोषही ठरत नाही.

स्थानाची कसोटी थोडी बरी. प्रक्रियेची मूळ फाईल ज्या कप्प्यात असावयास हवी तेथेच ती आहे काय, हे पाहणे उपयुक्त आहे. प्रकाशकाच्या नेहमीच्या कप्प्याऐवजी ती तात्पुरत्या फाईलींच्या अडगळीत सापडली तर संशयाला जागा आहे. परंतु ज्या दुष्ट आज्ञावलीला बसविण्याच्या वेळीच पूर्ण अधिकार मिळाले, तिला योग्य कप्प्यात जाऊन बसणे अवघड नाही. काही याद्यांतून नाव, फाईलचा आकार आणि स्थान यांची गोळाबेरीज करून प्रक्रिया अमुक टक्के धोकादायक आहे असा निर्णय दिलेला आढळतो. हे टक्के कशाचे? शंभर संगणकांपैकी इतक्यांत अपाय झाला असा त्याचा अर्थ नाही, आणि प्रक्रियेच्या कृतींपैकी इतक्या अपायकारक आहेत असाही नाही. मोजमापाचा आभास निर्माण करणारी ही संख्या चिकित्सेच्या दृष्टीने निरर्थक आहे. शेकडा वीस विश्वसनीय असे एखाद्या ताम्रपटाविषयी कोणी म्हटले असते तर इतिहाससंशोधकांनी ते हसण्यावारी नेले असते.

स्वाक्षरीची कसोटी मात्र गंभीरपणे घ्यावयास हवी. प्रकाशक आपल्या फाईलीवर डिजिटल स्वाक्षरी करतो. पुढे फाईलीत एक अक्षर जरी बदलले तरी ती स्वाक्षरी जुळत नाही. शिवाय अनेक प्रकाशक फाईलीचा हॅश, म्हणजे तिच्या समग्र आशयावरून गणिताने काढलेली खूण, प्रसिद्ध करतात. एसएचए-२५६ या पद्धतीची खूण सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिली असता चौसष्ट चिन्हांची होते, आणि वाचकाने आपल्या संगणकावर काढलेली खूण प्रकाशकाच्या खुणेशी जुळली म्हणजे प्रत शुद्ध ठरते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अनेक पोथ्या ताडून, ओवी ओवी तपासून. हॅश हीच ताडणी क्षणात करतो, फक्त चूक कोठे आहे हे सांगत नाही, चूक आहे एवढेच सांगतो.

तथापि स्वाक्षरीने नेमके काय सिद्ध होते? फाईल अमुक प्रकाशकाच्या किल्लीने मुद्रांकित झाली, एवढेच. ती किल्ली कोणाच्या हाती होती आणि मुद्रांकित होण्यापूर्वीच आत काही मिसळले गेले होते काय, हे स्वाक्षरी सांगू शकत नाही. २०१० साली उजेडात आलेल्या स्टक्सनेटचे काही घटक रिअलटेक व जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या खऱ्या प्रमाणपत्रांनी मुद्रांकित होते. ती प्रमाणपत्रे चोरीची होती. २०१७ साली सीक्लीनर या संगणक-सफाईच्या लोकप्रिय साधनाची ५.३३ ही आवृत्ती प्रकाशकाच्या स्वतःच्या स्वाक्षरीसह, प्रकाशकाच्याच दारातून बाहेर पडली आणि तिच्यात दुष्ट आज्ञावली दडलेली होती; वीस लाखांहून अधिक संगणकांवर ती पोहोचली. शिक्का खरा आणि मजकूर खोटा, असे जुन्या दप्तरांतही घडत आले आहे. शिक्क्याला कागदाचे सर्वस्व मानणारा संशोधक तेथे फसतो, तसाच येथेही.

हे अपवाद म्हणून बाजूला ठेवले तरी मूळ अडचण उरतेच, कारण वाचन-ॲपच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद प्रकरण बनावट प्रक्रियेचे नसून पूर्णपणे अस्सल प्रक्रियेचे आहे. ॲडोबी डिजिटल एडिशन्स हे ई-ग्रंथ वाचण्याचे ॲप. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतून ई-ग्रंथ घेणारे वाचक त्यावर अवलंबून होते. त्याची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ई-ग्रंथांच्या व्यवहारावर लिहिणाऱ्या एका अमेरिकी निरीक्षकाने आपल्या संगणकातून बाहेर जाणारी माहिती तपासली, तेव्हा कोणते पुस्तक उघडले, कोणती पाने पाहिली, याची नोंद ॲडोबीकडे जात असल्याचे त्यास दिसले. ती नोंद कोणत्याही गुप्तलिपीविना, उघड्या मजकुरात जात होती. म्हणजे वाचक ज्या जाळ्यावर बसला असेल, मग ते वसतिगृहाचे असो की उपाहारगृहाचे, त्यावर पाळत ठेवणाऱ्या कोणासही ती वाचता आली असती.

या ॲपला तिन्ही प्रचलित कसोट्या लावून पाहाव्यात. नाव खरे, स्थान योग्य, स्वाक्षरी ॲडोबीची. निकाल सर्वत्र एकच आला असता : सुरक्षित. आणि तो निकाल चुकीचा ठरला असता. कंपनीने माहिती गोळा होत असल्याचे नाकारले नाही. परवान्याच्या तपासणीसाठी, तसेच वाचनाच्या कालावधीवर किंवा वाचलेल्या भागावर मोल ठरविण्याच्या काही प्रकाशकांच्या पद्धतींसाठी ही माहिती लागते, असे तिचे म्हणणे होते. हे समर्थन सर्वस्वी पोकळ होते असे म्हणता येणार नाही. ठरावीक मुदतीसाठी दिलेले पुस्तक मुदत संपताच बंद व्हावयाचे तर काहीतरी हिशेब ठेवावा लागणारच. पण त्या हिशेबासाठी उघडा मजकूर पाठविण्याची गरज काय होती, याचे उत्तर त्यात नव्हते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आक्षेप घेतला, आणि त्याच महिन्यात निघालेल्या ४.०.१ या आवृत्तीपासून माहिती गुप्तलिपीत जाऊ लागली. माहिती जाणे थांबले नाही. ती वाटेत वाचली जाणे थांबले. या दोहोंतील भेद त्या वेळच्या चर्चेत बराचसा पुसला गेला.

ग्रंथपालांचा आक्षेप आकस्मिक नव्हता. वाचकाने काय नेले हे गुप्त राखणे हा ग्रंथपालाच्या कर्तव्याचा भाग आहे, ही गोष्ट त्या संघटनेच्या १९३९ च्या आचारसंहितेत आलेली होती. रंगनाथनांच्या १९३१ च्या पंचसूत्रांत गोपनीयतेचे स्वतंत्र सूत्र नाही. परंतु प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा ही अपेक्षा वाचकाला भय नसेल तरच पुरी होते. कागदी नोंदवही ग्रंथपालाच्या टेबलावर असे आणि तीत ग्रंथाचे नाव व तारीख यापलीकडे काही नसे. कितवे पान किती वेळ पाहिले, हे लिहून ठेवण्याची कल्पना कोणाही ग्रंथपालास सुचली नसती.

पार्श्वप्रक्रियेचा अधिकार माहिती बाहेर नेण्यापुरताच नसतो, हे त्यापूर्वीच, २००९ च्या जुलैत, दिसून आले होते. ॲमेझॉनने किंडल उपकरणांवरून जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' यांच्या, वाचकांनी पैसे देऊन घेतलेल्या, काही प्रती दूरवरून पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे त्या ग्रंथांचे हक्क नव्हते, आणि पैसे परत केले गेले. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणेही मूळ ग्रंथाच्या अभावी निरुपयोगी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी जाहीर क्षमा मागितली. ज्या मार्गाने खुणांची जुळणी होते त्याच मार्गाने ग्रंथ नाहीसाही करता येतो, हे येथे सिद्ध झाले. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी ग्रंथांचे दालन उघडल्यावर हा प्रश्न मराठी वाचकाच्याही घरात आला. त्याची चर्चा मात्र मराठीत जवळजवळ झाली नाही. चर्चा झाली ती जोडाक्षरे नीट दिसतात की नाहीत याची.

यावर दुसरे एक उत्तर सुचविले जाते. ज्या ॲपची मूळ संहिता सर्वांना वाचण्यास खुली आहे तेच वापरावे, म्हणजे लपवाछपवीला वाव राहत नाही. कॅलिबर हे त्याचे ठळक उदाहरण. कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियात शिकत असताना, सोनीचे पीआरएस-५०० हे वाचन-उपकरण लिनक्सवर चालत नाही म्हणून, ३१ ऑक्टोबर २००६ रोजी या कामास आरंभ केला. आज ते जगभर वापरले जाते आणि त्याची संहिता मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. तेही सुरू होताना नव्या आवृत्तीची चौकशी करते, पण ती चौकशी बंद करण्याची सोय आहे, आणि चौकशीत काय जाते हे संहितेत पाहता येते. हा गुण मोठा आहे.

परंतु खुलेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे. उपकरण जोडण्यासाठी कॅलिबरच्या लिनक्स आवृत्तीत एक लहानसा सहायक होता आणि त्याला संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याचे हक्क दिलेले होते. त्या सहायकाच्या आडून कोणाही सामान्य वापरकर्त्यास तेच हक्क मिळविता येतात, असे २०११ च्या नोव्हेंबरात सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिले. कर्त्याने प्रथम वाद घातला, दुरुस्त्या केल्या, त्या दुरुस्त्याही भेदल्या गेल्या, आणि अखेरीस तो सहायक काढून टाकावा लागला. पुढे २.७५ पूर्वीच्या आवृत्त्यांत असाही दोष आढळला की मुद्दाम रचलेला ई-ग्रंथ उघडताच त्यातील आज्ञा संगणकावरील अन्य फाईली वाचू शकत. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. हेतूची शुद्धता आणि रचनेची निर्दोषता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संहिता खुली असल्याचा खरा लाभ असा की दोष दाखविणाऱ्याला पुरावा मांडता आला.

तेव्हा प्रक्रियेचे नाव-गाव पाहून न थांबता तिची कृती पाहावयास हवी, हे उघड आहे. त्यासाठी लागणारी साधने सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची नाहीत. विंडोजमधील रिसोर्स मॉनिटरवर कोणती प्रक्रिया कोणत्या पत्त्याशी बोलत आहे आणि कोणत्या फाईली उघडीत आहे हे दिसते. जाळ्याचा संबंध तोडून ॲप उघडले असता ते कशासाठी अडते, संबंध पुन्हा जोडताच ते प्रथम काय पाठविते, याची नोंद करता येते. ॲप मिटल्यावर प्रक्रिया किती काळ टिकते, संगणक सुरू होताच ती आपोआप उठते काय, हेही पाहता येते. २०१४ चे प्रकरण उघडकीस आले ते अशाच साध्या निरीक्षणातून.

मात्र निरीक्षणाच्या कसोटीलाही दोन मर्यादा आहेत, आणि त्या दोन्ही बाजूंनी आहेत. पहिली अशी की पाहणाऱ्यासमोर निरागस राहणारी प्रक्रिया असू शकते. २०२२ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार, उत्तर कोरियाशी संबंधित एका टोळीने सुमात्रा पीडीएफ या हलक्याफुलक्या आणि प्रामाणिक वाचन-ॲपची बिघडविलेली प्रत तयार केली होती. नोकरीचे आमिष दाखवून ती लक्ष्य केलेल्या व्यक्तींच्या गळ्यात मारली जाई. लक्ष्यांत भारतातील संस्थांचाही समावेश होता. ती प्रत इतर पीडीएफ सरळपणे दाखवी. टोळीनेच पाठविलेली विशिष्ट फाईल उघडली म्हणजे तिच्यातील दडलेली आज्ञावली मोकळी होई आणि पडद्यावर नोकरीविषयीचा मजकूर दिसत राही. अशा प्रतीवर कोणी महिनाभर पाळत ठेवली असती तरी त्या फाईलीखेरीज काहीही आढळले नसते. येथे उपयोगी पडली असती ती हॅशची ताडणी, म्हणजे आधी अपुरी ठरविलेली कसोटीच. गुप्तलिपीचाही असाच अडथळा आहे : माहिती जाते एवढे दिसते, काय जाते ते दिसत नाही. ४.०.१ नंतरच्या ॲडोबीच्या ॲपवर तोच निरीक्षक बसला असता तर त्यास पाने मोजता आली नसती.

दुसरी मर्यादा उलट दिशेची, आणि मराठीच्या अभ्यासकास अधिक परिचयाची. सी-डॅक या पुण्याच्या संस्थेने तयार केलेली आयएसएम ही लेखनप्रणाली महाराष्ट्रातील कितीतरी कचेऱ्यांत वापरली गेली. तिची प्रक्रिया पार्श्वभूमीत बसून, कोणत्याही ॲपमध्ये दाबलेली प्रत्येक कळ प्रथम आपल्याकडे घेते आणि तिचे देवनागरी अक्षर करून पुढे देते. केवळ कृतीकडे पाहिले तर हे कळा चोरणाऱ्या हेराचेच वर्तन आहे. तो हेरही हेच करतो, फक्त पुढे देण्याऐवजी बाहेर पाठवितो. इंग्रजीपुरता विचार करून रचलेल्या तपासणीने अशी प्रणाली संशयित ठरविली तर दोष तपासणीचा होय. आणि तिला सूट द्यावयाची सवय लागल्यावर, लिपी बदलून देतो असे सांगत आलेल्या एखाद्या खऱ्या हेरालाही तीच सूट मिळते, हा धोका मराठी वापरकर्त्याने विशेषतः ओळखला पाहिजे.

यावरून असे दिसते की एकट्या कृतीला अर्थ नाही. कृती आणि सांगितलेले प्रयोजन यांचा मेळ बसतो काय, हे पाहावयास हवे. आवृत्तीची चौकशी करणाऱ्या सेवेने आवृत्तीचा क्रमांक पाठविणे समजण्यासारखे आहे. तिने वाचकाचा ग्रंथसंग्रह चाळणे समजण्यासारखे नाही. खुणा जुळविणारी प्रक्रिया पानाचा क्रमांक पाठविणारच, कारण तो न पाठविता खूण जुळणार नाही. पण खुणांची जुळणी वाचकाने बंद केल्यावरही क्रमांक जात राहिला तर प्रयोजन संपले आणि कृती उरली. जे ॲप आपले प्रयोजन कोठेही स्पष्ट सांगत नाही त्याच्या बाबतीत ही कसोटी लावताच येत नाही, आणि हाच त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा धरावा.

कायद्याचा आधार या विचाराला आता थोडाफार मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात सांगितलेल्या प्रयोजनापुरतीच संमती हे तत्त्व आले. दुष्ट आज्ञावलींच्या सफाईसाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्रही सुरू केले. पण सफाईचे साधन घुसखोराला हुडकते. करारावर होकार घेऊन आत आलेल्या प्रक्रियेकडे ते पाहतही नाही.

समाईक संगणकाच्या बाबतीत होकाराचा प्रश्न तर आणखी अवघड आहे, कारण संमती देणारा एक आणि वाचला जाणारा दुसरा. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी व प्रयोगशाळांनी याकडे निराळ्या रीतीने पाहावयास हवे. प्रत्येक वाचन-ॲपची आवृत्ती, ते बसविल्याची तारीख, तेव्हा ताडलेला हॅश, आणि वाचन चालू असताना व मिटल्यावर ते कोणत्या पत्त्यांशी बोलते, एवढी नोंद संगणकाजवळ लावून ठेवता येईल. आवृत्ती बदलली की नोंदही नव्याने करावी लागेल, कारण ॲडोबीच्या प्रकरणातील दोष चौथ्या आवृत्तीबरोबर आला होता आणि तिच्या पुढल्याच आवृत्तीत त्याचे रूप बदलले होते. वाचनाच्या नोंदी जुळविण्याची सोय अशा संगणकांवर मुळातच बंद ठेवावी, आणि जिला ती हवी तिने स्वतःच्या खात्याने ती उघडावी. दहा संगणकांच्या दालनास या कामी वर्षातून दोन-तीन दिवस लागतील.